आभार मानायचे, मग हिशोब द्यायचा

आज बोलूया ज्यू लोकांच्या प्रार्थनेविषयी. हे लोक आपल्याला परके नाहीत. रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावांत बेने इस्राएल हा मराठी बोलणारा ज्यू समाज शेकडो वर्षं राहिला. तेलाचा घाणा हा त्यांचा धंदा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणायचे. १९४८ साली इस्राएल देश झाला, त्यानंतर बरेच जण तिकडे गेले.

त्यांची प्रार्थना अंथरुणातच सुरू होते. डोळे उघडले की आधी देवाचे आभार, की रात्री सोपवलेला जीव सकाळी परत दिलास. मग दिवसभर लहान लहान आभार. पाव खाण्याआधी वेगळे शब्द, झाडाच्या फळाला वेगळे, जमिनीतून आलेल्या भाजीला वेगळे. दिवसाला शंभर वेळा आभार मानावेत, अशी जुनी शिकवण आहे. बेने इस्राएल घरांत लग्नाला, नवस फेडताना मलिदा करतात. गोड पोहे, खोबरं आणि फळं ताटात मांडून, प्रार्थना म्हणून सगळ्यांना वाटतात.

पण आभार मानले म्हणजे काम संपलं, असं तिथे नाही. त्यांचे जुने धर्मगुरू सांगून गेलेत, की घरच्या जनावराला चारा घातल्याशिवाय आपण घास घेऊ नये. शुक्रवारी संध्याकाळी घरातली बाई शब्बाथचे दिवे लावते. त्याआधी गरिबांसाठीच्या डब्यात पैसे टाकायची रीत पुष्कळ घरांत आहे.

सगळ्यात कठीण गोष्ट पुढेच आहे. वर्षातून एकदा योम किप्पुरचा कडक उपास असतो. अन्नपाणी काही नाही, दिवसभर क्षमेची प्रार्थना. कोकणात पूर्वी त्या दिवशी घराची दारं बंद ठेवायचे. पण शेजारणीला लागेल असं बोललो असू, कुणाचे पैसे बुडवले असतील, तर नुसत्या उपासाने ते फिटत नाही. आधी तिच्या दारात जायचं, तिची समजूत काढायची, देणं द्यायचं. माणसाचं देणं देव परस्पर माफ करत नाही.

आणि कबुली देताना 'मी चुकले' असं म्हणत नाहीत, 'आम्ही चुकलो' म्हणतात. एकीची चूक सगळ्यांनी मिळून उचलायची. म्हणून कुणाला एकटीला मान खाली घालावी लागत नाही, आणि कुणाला अंगही झटकता येत नाही.

आपल्या गटांतही हेच दुखणं असतं ना? एखादीचा हप्ता थकतो, शब्दाने शब्द वाढतो, ती बैठकीला यायची बंद होते. आपण म्हणतो, तिचं ती बघेल. तर बायांनो, पुढच्या बैठकीत आधी मोजूया, या महिन्यात कुणाकुणाचा हात आपल्याला लागला. मग बघूया, कुणाची जागा रिकामी आहे. आणि बैठक उठली की दोघी-तिघी मिळून तिच्या घरी जाऊया.