खोटेपणाचे मूळ : ख्रिस्ती पापविचार समजून घेताना

(वर्षावास व्याख्यानमालेतील भाषण)



बौद्ध मंडळाच्या व्यासपीठावर ख्रिस्ती धर्मातील पापाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. १९५० साली महाबोधि सोसायटीच्या मासिकात लिहिताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्ध, येशू, महंमद आणि कृष्ण यांची तुलना केली होती. दुसऱ्याचा विचार आधी समजून घ्यावा आणि मगच त्यावर मत द्यावे, ही शिस्त आपणही पाळू या. आणि आजचा प्रश्न सर्वांचाच आहे. चांगले-वाईट कळत असूनही माणूस अप्रामाणिक का वागतो?

ख्रिस्ती धर्म माणसाला पापी म्हणतो, एवढे आपण ऐकलेले असते. परंतु बायबलचा पहिला ग्रंथ 'उत्पत्ती' सांगतो की, ईश्वराने माणसाला आपल्या प्रतिरूपात निर्माण केले. म्हणजे माणूस मुळात चांगला, पाप मागाहून आले. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत पापाला 'हमार्तिया' हा शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ नेम चुकणे.

ही चूक कशी झाली याची कथा आपण लक्षपूर्वक पाहिली पाहिजे. मना केलेले फळ खाल्ल्यावर आदाम आणि हव्वा झाडांआड लपले. जाब विचारताच आदामाने पत्नीकडे बोट दाखवले आणि पत्नीने सर्पाकडे. घडलेली गोष्ट दोघांनीही नाकारली नाही, फक्त दोष पुढे ढकलला. पुढे त्यांचा मुलगा काइन याने भाऊ हाबेल याचा खून केला. भाऊ कुठे आहे असे विचारल्यावर, आपल्याला ठाऊक नाही, असे तो सरळ खोटे बोलला. पहिल्या पिढीत सबब आणि दुसऱ्या पिढीत उघड असत्य, असा हा क्रम आहे.

या विचाराला सिद्धांताचे रूप देण्यात संत ऑगस्टीन (इ.स. ३५४ ते ४३०) यांचा मोठा वाटा आहे. आजच्या अल्जीरियातील हिप्पो येथे ते बिशप होते. आपल्या आत्मकथनात त्यांनी सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर केलेल्या पेअर फळांच्या चोरीची चिकित्सा केली आहे. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती आणि चोरलेली बहुतेक फळे डुकरांपुढे टाकली गेली. एकटे असतो तर हे केलेच नसते, असेही ते लिहितात. परीक्षेत 'सगळेच करतात' म्हणून कॉपी करणाऱ्या विद्यार्थ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

ऑगस्टीन यांनी असत्यावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले. मनात एक ठेवून फसवण्याच्या हेतूने दुसरे बोलणे म्हणजे खोटे बोलणे, असे ते मानतात. खरे समजून चुकीचे बोलणारा त्यांच्या मते खोटारडा नव्हे. त्यांनी असत्याचे आठ प्रकार सांगितले आणि धर्म शिकवताना बोललेले खोटे सर्वांत वाईट ठरवले. पाखंडी लोकांना पकडण्यासाठी त्यांच्यात मिसळून खोटे बोलावे, ही सूचनाही त्यांनी फेटाळली.

परंतु माणूस जन्मतःच पापी असेल, तर ती एक सोयीची सबब होणार नाही काय? ऑगस्टीन यांचे समकालीन पेलाजियस यांनी हाच आक्षेप घेतला होता. माणसाने ठरवले तर तो निष्पाप जगू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. ४१८ साली कार्थेजच्या धर्मपरिषदेने ते अमान्य केले. तथापि पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्च आजही आदामाचा अपराध वारशाने येतो असे मानत नाही. वारशाने मृत्यू आणि दुर्बलता येते, असे ते म्हणते.

आपल्यालाही जन्माने येणारा दोष मान्य नाही. जन्मावरून कलंक लावणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. तरी येथे एक फरक नोंदवला पाहिजे. जातिव्यवस्थेने काहींना जन्मतः शुद्ध आणि काहींना अशुद्ध ठरवले. ख्रिस्ती सिद्धांतात राजा, धर्मगुरू आणि गुलाम एकाच रांगेत उभे आहेत. जन्मतः शुद्ध असा कोणीच नाही.

दुःखाची गोष्ट अशी की, हाच सिद्धांत शिकवणाऱ्यांना तो स्वतःला लावता आला नाही. दक्षिण आफ्रिकेतील डच रिफॉर्म्ड चर्चने १८५७ साली 'काहींच्या दुर्बलतेमुळे' म्हणून वेगळ्या उपासनेस परवानगी दिली. १८८१ साली गौरेतरांसाठी चर्चच वेगळे झाले. विसाव्या शतकात तर वर्णभेदाला बायबलचा आधार देण्यात आला. ऑगस्टीन ज्याला सर्वांत वाईट असत्य म्हणतात, ते हेच. अखेर १९८२ साली रिफॉर्म्ड चर्चच्या जागतिक संघटनेने वर्णभेदाला पाप आणि त्याच्या धार्मिक समर्थनाला पाखंड ठरवले. नोव्हेंबर १९९० मध्ये रुस्टेनबर्ग येथे त्या चर्चचे विचारवंत प्रा. विली योंकर यांनी जाहीरपणे अपराध कबूल केला. आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी ती कबुली स्वीकारली.

कबुलीने काम संपते काय? नव्या करारात जक्कय नावाच्या मुख्य जकातदाराची कथा आहे. येशूच्या भेटीनंतर त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत देण्याचे मान्य केले. पश्चात्ताप हिशोबात उतरला पाहिजे, असा याचा अर्थ. टुटू यांच्या अध्यक्षतेखाली १९९६ पासून सत्य आणि समेट आयोगाच्या सुनावण्या झाल्या. संपूर्ण सत्य सांगणे ही माफीची एक अट होती. सात हजारांहून अधिक अर्ज आले, त्यांतील बहुतेक फेटाळले गेले. आयोगाने पीडितांना सहा वर्षे वार्षिक भरपाई सुचवली होती. २००३ साली सरकारने प्रत्येकी ३०,००० रँड एकदाच देण्याचे जाहीर केले. सत्य सांगितले गेले, परंतु जक्कयाचा हिशोब अपुराच राहिला.

मित्रहो, आदामाची कथा आपण मानो वा न मानो, त्यातून एक व्यवहार शिकता येतो. 'आपला माणूस असे करणारच नाही' हे वाक्य कोणत्याही संस्थेला धोक्याचे आहे. जमाखर्च दरवर्षी तपासला जावा, पावतीपुस्तके सभासदांपुढे ठेवली जावीत. यात खजिनदाराचा अपमान नाही, त्याचे रक्षणच आहे. चूक सापडली तर बोट दुसऱ्याकडे न दाखवता ती सांगावी आणि नुकसान भरून द्यावे. विद्यार्थ्यांनी ही सवय आपल्या उत्तरपत्रिकेपासून लावून घ्यावी, पदाधिकाऱ्यांनी आपल्या वहीपासून.