आईवडिलांच्या मागे दिव्यांग भावंडांचा सांभाळ
(धारवाड येथे मराठी भाषक कुटुंबांसमोर केलेले भाषण)



ज्या घरात एखादे मूल जन्मतः दिव्यांग असते, त्या घरातील आईवडिलांना एकच चिंता अहोरात्र पोखरीत असते. ती म्हणजे, ‘आमच्या मागे याचे कसे होणार?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा भावाला किंवा बहिणीला द्यावे लागते. परंतु त्या भावंडांना कोणी आगाऊ विचारलेले नसते. भाऊ नोकरीनिमित्त गावोगाव फिरत असतो, बहीण सासरी असते. एकत्र कुटुंबात दहा माणसे मिळून जे करीत, ते आज एका जोडप्याच्या शिरावर येऊन पडते.

मी हे तटस्थपणे सांगत नाही. माझा धाकटा भाऊ बौद्धिक दिव्यांग आहे. आईच्या निधनानंतर तो आमच्याकडे आला. तीन वर्षे माझ्या पत्नीने त्याचे सर्व काही केले. अखेर तिचीच प्रकृती ढासळली. त्यास निवासी संस्थेत ठेवल्यावर ‘भावाला टाकला’ असे नातलग म्हणाले. तो आरोप मी सोसला. पण माझी खरी चूक निराळीच होती. जाण्यापूर्वी मी त्याला काहीच सांगितले अथवा विचारले नव्हते. पहिले दोन महिने तो दाराशी बसून राही. पुढे संस्था बदलली, त्या वेळी मात्र त्याला आधी दोनदा तेथे नेले, आठ दिवस राहू दिले, खोली त्यालाच निवडू दिली. आज दिवाळी आटोपली की तो स्वतःच पिशवी भरून ‘माझ्या घरी चला’ म्हणतो.

आपल्या या धारवाडात 1845 साली मनोरुग्णालय स्थापन झाले. अशा ठिकाणी पोहोचवलेला माणूस घरी परतायचाच नाही, अशी एक समजूत समाजात रूढ होती. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तिला छेद दिला. केवळ कुटुंब स्वीकारीत नाही, या कारणास्तव कोणासही रुग्णालयात अडकवून ठेवता येत नाही. समाजात राहण्याचा त्याचा हक्क मान्य झाला आहे.

तेव्हा संस्था म्हणजे कोंडवाडा नव्हे, हे आपण ध्यानी घेतले पाहिजे. पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यातील कोळवण येथे 1994 पासून ‘साधना व्हिलेज’ ही संस्था कार्य करीत आहे. तेथे बौद्धिक दिव्यांग प्रौढ व्यक्ती कुटुंबासारख्या घरांतून राहतात व आपापल्या शक्तीनुसार कामे करतात. डोंबिवलीजवळ खोणी येथील ‘घरकुल’ तर अशा मुलांच्या पालकांनीच एकत्र येऊन उभारले. पालक संघटित झाले तर काय घडू शकते, याचा तो वस्तुपाठ होय.

आता कायद्याची बाजू. अपत्यास 18 वर्षे पूर्ण झाली की आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. यास्तव 1999 च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व व बहुविकलांगता असणाऱ्या प्रौढांसाठी पालक नेमण्याची सोय केली. अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करावयाचा असतो. तीत जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी व एक दिव्यांग व्यक्ती असते. भाऊ किंवा बहीणही अर्ज करू शकते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांच्या आत मालमत्तेची यादी सादर करावयाची व प्रतिवर्षी हिशेब द्यावयाचा असतो. हेळसांड वा अपहार झाल्यास त्यास दूर करता येते. भावाच्या नावची जमीन गिळंकृत करणाऱ्या भावाला हा चाप आहे.

याच न्यासाच्या ‘समर्थ’ व ‘घरौंदा’ या निवासी व्यवस्थेच्या, तर ‘निरामय’ ही वार्षिक 1 लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्यविम्याची योजना आहे. केंद्र शासनाच्या सेवकांच्या अवलंबित दिव्यांग भावंडांना 2009 पासून नियमानुसार कुटुंबनिवृत्तिवेतनास पात्र मानले आहे. कार्यालयांतील अधिकाऱ्यांनी ही माहिती संबंधितांपर्यंत आपणहून पोहोचवावी. शिक्षकांनी आपल्या गावात असे प्रौढ किती आहेत व त्यांच्यापाशी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आहे किंवा कसे, याची विचारपूस करावी.

निवास निवडताना इमारत पाहून भुलू नका. अगोदर न कळवता भेटीस जा. रात्री किती सेवक असतात, आजारपणी दवाखान्यात कोण नेतो, दिवसभर काम काय असते, हे विचारा. भेटीवर निर्बंध असतील, तर तेथून परत फिरा. आणि आईवडील हयात असतानाच सर्व भावंडांनी एकत्र बसून खर्च कोणी द्यावयाचा, भेटीस कोणी जावयाचे, हे ठरवून कागदावर उतरवा. त्या बैठकीत ज्याच्याविषयी ठरवावयाचे, त्यालाही बसवा.

निवास दिला म्हणजे नाते फिटले असे नव्हे. माझा भाऊ दर रविवारी माझ्या दूरध्वनीची वाट पाहतो. ती वाट जोवर कोणी पाहत आहे, तोवर आपले कर्तव्य संपलेले नाही, एवढेच नम्रपणे सांगून मी आपली रजा घेतो.