कुरण, वाडी आणि मास्तर

अमेरिकेंतील गुराख्यांची कथा म्हटली, कीं घोडा, पिस्तुल आणि धुळींत दिसेनासा होणारा स्वार एवढेंच चित्र पुष्कळांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. बोलपटांनीं लावलेली ही संवय आहे. कॉर्मॅक मॅकार्थी यांच्या १९९२ सालच्या 'ऑल द प्रिटी हॉर्सेस' या कादंबरींत मात्र पिस्तुलाहून जमिनीचें महत्त्व अधिक. सोळा वर्षांचा जॉन ग्रेडी १९४९ सालीं टेक्सास सोडतो, तो केवळ साहसाच्या हौसेनें नव्हे. आजोबा वारले, आणि ज्या कुरणांवर तो वाढला तीं आई विकावयास निघाली. मित्रासह तो मेक्सिकोंत जातो, घोडे माणसाळवितो, प्रेमांत पडतो, तुरुंगही पाहतो. परततो तेव्हां आपला म्हणावा असा ठाव त्यास उरलेला नसतो.

मराठींत याच्या जवळची कथा पाहूं गेल्यास व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' (१९५५) हातीं लागते. औंध संस्थानांतील एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर पायीं येतो. पोरें मेंढरांमागें रानांत. शाळा भरावयाची कोणाची? वृद्ध कारभाऱ्याचा विश्वास मिळतो, तेव्हां कोठें पोरें पाटीकडे वळतात. पुढें चोळीच्या एका क्षुल्लक प्रकरणावरून त्याच कारभाऱ्याच्या मनांत किंतु येतो. बोलणें नाहीं, विचारपूस नाहीं! विशीही न गांठलेल्या मुलास तें मौन किती जड गेलें असेल! तरी तो टिकतो. वाडीकडून तालीम बांधवून घेतो, तिच्यासाठीं खुद्द राजेसाहेब येतात. आणि मग पाऊस दगा देतो. मेंढरें घेऊन माणसें वाट फुटेल तिकडे जातात. जॉन ग्रेडीचें कुरण विकलें जातें. येथें वाडीच उठून चालूं लागते. माडगूळकर हें सारें आखूड, कोरड्या वाक्यांत सांगतात, म्हणूनच तें अधिक झोंबतें.

बीड जिल्ह्यांत, केज तालुक्यांतील नांदूरघाटासारख्या गांवीं हा शेवट कोणास परका वाटूं नये. बालाघाटाच्या या कोरड्या मुलखांतून दरसाल दिवाळीच्या सुमारास कुटुंबेंच्या कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. बारा-चौदा वर्षांचें पोर त्यांत घोड्यावर बसून जात नाहीं. धाकट्या भावंडास कडेवर घेऊन जातें, नाहीं तर मोळ्या बांधावयास. मुलांनीं गांवींच राहून शिकावें म्हणून सरकारनें हंगामी वसतिगृहें काढलीं. तरीही आईबापांच्या पाठीमागून जाणारीं पोरें पुष्कळ, आणि तीं परततात तेव्हां वर्ष बहुतेक सरलेलें असतें.