फोन नव्हे, फसवणूक काढून टाकू या

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिरांमधून आपण हुंडा, पोटगी, रेशन अशा विषयांवर नेहमी बोलतो. आज मी बोलणार आहे ते मोबाइलमध्ये शिरणाऱ्या घातक प्रोग्रामांविषयी, म्हणजे मालवेअरविषयी, आणि पडद्यावर अचानक झळकणाऱ्या खोट्या इशाऱ्यांविषयी. हा इंजिनिअर लोकांचा विषय आहे, असं काहीजणींना वाटेल. मला तसं वाटत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी साधारण ५४ टक्के जणींकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. ज्यांच्याकडे आहे, त्यांनाही तो सहज मिळालेला नाही. आणि मग एक दिवस त्या फोनवर घाणेरड्या जाहिराती यायला लागतात, नाहीतर खात्यातले पैसे जातात. घरातले काय म्हणतात? "तूच काहीतरी नको ते पाहिलं असशील. आण तो फोन इकडे." फसवणारा मोकळा सुटतो आणि शिक्षा बाईला होते. समुपदेशन केंद्रात मी हे पुन्हा पुन्हा ऐकते. या भीतीनं बाई झालेली गोष्ट लपवते, आणि लपवल्यामुळे नुकसान वाढत जातं.

ही फसवणूक चालते कशी? भोंदूबाबा आपल्याला चांगले ठाऊक आहेत. आधी सांगायचं, "तुझ्यावर करणी झाली आहे", आणि मग अंगारा विकायचा. पडद्यावरचा इशारा नेमकं हेच करतो. "तुमच्या फोनमध्ये व्हायरस सापडले! ताबडतोब हे दाबा!" सोबत लाल रंग, भोंगा, उलटे आकडे. लक्षात ठेवा, इंटरनेटवरचं कुठलंही पान तुमच्या फोनची तपासणी करून व्हायरस मोजू शकत नाही. तो आकडा आधीच लिहून ठेवलेला असतो. कॉम्प्युटरवर अशा इशाऱ्यात फोन नंबर दिसला, तर तो खोटाच समजा. मायक्रोसॉफ्टनं स्वतः स्पष्ट केलं आहे की त्यांच्या इशाऱ्यांत फोन नंबर कधीच नसतो. हा कुणा एकट्यादुकट्याचा उद्योग नाही. अशी खोटी मदत विकणारी कॉल सेंटर्सच चालतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयनं 'ऑपरेशन चक्र-२' या नावानं त्यांच्यावर छापे घातले होते.

मग करायचं काय? त्या पानावरचं काहीही दाबायचं नाही, त्यातली 'बंद करा'ची फुलीसुद्धा नाही. मोबाइलवर चालू अ‍ॅप्सच्या यादीत जाऊन ब्राउझर बाजूला सरकवा. कॉम्प्युटरवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि तिथून ब्राउझर बंद करा. पुन्हा सुरू करताना जुनी पानं उघडू का, असं विचारलं तर 'नको' म्हणा. एवढ्यानं बहुतेक वेळा काम होतं.

दुसरा प्रकार असा, की ब्राउझर बंद असतानाही वरून सूचना येत राहतात. कधीतरी एखाद्या साइटनं परवानगी मागितलेली असते आणि आपण 'अलाउ' दाबलेलं असतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स उघडा. अनोळखी साइटची परवानगी काढून टाका.

तिसरा प्रकार अ‍ॅडवेअरचा. काहीच उघडलेलं नसताना पूर्ण पडदाभर जाहिरात येते. हे बहुधा टॉर्च, वॉलपेपर, फोन 'साफ' करणारं अशा एखाद्या फुकट अ‍ॅपचं काम असतं. जाहिरात दिसत असतानाच चालू अ‍ॅप्सची यादी उघडा. ती कुणाची आहे ते अनेकदा तिथंच कळतं. सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या यादीत नाव किंवा चित्र नसलेलं, नुकतंच आलेलं अ‍ॅप शोधा आणि काढून टाका. निघत नसेल तर अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस अ‍ॅडमिन या दोन ठिकाणी त्याला दिलेले अधिकार आधी काढून घ्या. तरीही नाहीच निघालं, तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. बऱ्याच फोनमध्ये 'पॉवर ऑफ'वर बोट दाबून धरलं की हा पर्याय येतो. तिथं बाहेरून घेतलेली अ‍ॅप्स चालत नाहीत, त्यामुळे ती काढता येतात. शेवटी प्ले स्टोअरमधल्या प्ले प्रोटेक्टनं तपासणी करा. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची साधनंही २०१७ पासून मोफत मिळतात.

सर्वांत घातक प्रकार व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. लग्नाची पत्रिका, गाडीचं चलन, बँकेचं केवायसी अशा नावांनी आलेली ही फाइल असते, आणि तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' लिहिलेलं असतं. पत्रिका म्हणजे चित्र, तिला अ‍ॅप कशाला लागतं? हे अ‍ॅप मेसेज वाचण्याची परवानगी मागतं आणि मग ओटीपी परस्पर उचलतं. ते फोनमध्ये घेतलं गेलं असेल तर आधी मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढे सरकण्याआधी ते रोखता येण्याची शक्यता असते, म्हणून घरात कोण काय म्हणेल याचा विचार त्यानंतर. पुराव्यासाठी त्या मेसेजचा फोटो काढून ठेवा, मग अ‍ॅप काढा आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. शंका उरलीच तर फोटो, नंबर जपून ठेवून फोन फॅक्टरी रिसेट करा.

आता कार्यकर्त्या म्हणून एक गोष्ट नीट ऐका. काही वेळा पाळत ठेवणारं अ‍ॅप बाहेरचा चोर टाकत नाही, नवरा टाकतो. बाई कुठं गेली, कुणाशी बोलली, हे त्याला न सांगता कळत असेल तर शंका घ्या. पण त्या फोनवरून अ‍ॅप काढायची घाई करू नका. ते काढलं की त्याला समजतं आणि मारहाण वाढू शकते. शिवाय पुरावाही जातो. आधी तिच्याशी दुसऱ्या फोनवरून किंवा समोरासमोर बोला, ती सुरक्षित कुठं राहील ते ठरवा, मग पुढचं. अनेकदा अ‍ॅपही नसतं. व्हॉट्सअ‍ॅपचं 'लिंक्ड डिव्हाइसेस' किंवा तिच्या गुगल खात्याचा पासवर्ड एवढंच त्याला पुरतं. बाईच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, आणि नवऱ्याला त्यातून वेगळी सूट दिलेली नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आणि १८१ ही हेल्पलाइन आहेच.

माझी सूचना एवढीच. प्रत्येक गटानं महिन्याच्या एका बैठकीत अर्धा तास यासाठी ठेवावा. प्रत्येकीनं आपला फोन आपल्याच हातांनी तपासावा. कुणी कुणाचा फोन न विचारता घ्यायचा नाही आणि जी फसली तिला कुणी हसायचं नाही. ती मोकळेपणानं बोलली, तर पुढच्या दहाजणी वाचतील. चला, आत्ताच सुरुवात करू. काढा फोन, उघडा सेटिंग्ज.