नावेचे नीरम आणि लाटेचा हिशेब



"आपल्या आवडीचा विषय घ्या" असे चालकांनी मला पत्रात लिहिले, तेव्हा हा चळवळीतला मनुष्य बोनसवर नाही तर कंत्राटी कामगारांवर बोलेल, अशी त्यांची अटकळ असणार. मी मात्र आज नावेवर बोलणार आहे. आणि तीही अमेरिकेतल्या तळ्यांवर हौसेसाठी चालणारी नाव. चालकांनी माझ्या पत्राचे उत्तर चार दिवस उशिरा दिले, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे गोदीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. त्यामुळे माझ्या बोलण्यात पंडिती सफाई नसेल. पण जे सांगेन ते हातांनी चाचपून किंवा पुस्तकात पडताळून घेतलेले असेल, एवढी खात्री देतो.

विषय सुचला तो असा. गोदीतल्या माझ्या एका जुन्या सोबत्याचा मुलगा मिनेसोटा राज्यात नोकरीला आहे. त्या राज्यात तळी हजारोंनी आहेत. सुट्टीच्या दिवशी हा मित्रांबरोबर तळ्यावर जातो. एकदा फोनवर मला म्हणाला, "काका, नावेत जादा वजन भरू नका म्हणून तुम्ही जन्मभर भांडलात. इथे आम्ही पैसे खर्च करून नाव मुद्दाम जड करतो. पाण्याच्या पिशव्या भरतो, तेव्हा कुठे मनासारखी लाट येते. हे कसे काय?" मी म्हटले, "अरे, मला दोन महिने दे." त्या दोन महिन्यांतले वाचन मी आज आपल्यापुढे ठेवतो आहे.

प्रथम हा खेळ काय आहे ते सांगतो. त्याला वेकसर्फिंग म्हणतात. समुद्रावर फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत जाण्याचा खेळ आपण चित्रांत पाहिला असेल. तळ्याला तशा लाटा नसतात. म्हणून तेथे नावच लाट उठवते. खेळाडू आरंभी दोरी धरून फळीवर उभा राहतो, लाटेच्या उतारावर नीट बसला की दोरी सोडून देतो. मग नावेमागे दहा-पंधरा फुटांवर, कशाचाही आधार न घेता, तो लाटेच्या बळावर पुढे सरकत राहतो. लाट चांगली असेल तर तळे संपेपर्यंत! लाट वाईट असेल तर दोन क्षणांत पाण्यात.

तेव्हा सारा प्रश्न लाटेचा. नाव लाट कशी उठवते?

नाव तरंगते ती आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारून. हा आर्किमिडीजचा नियम. नाव चालू लागली की बाजूला सारलेले पाणी परत जागेवर येऊ पाहते, आणि त्या धडपडीतून लाट जन्मते. या लाटेचा माग शहाण्या माणसांनी फार चिकाटीने काढला आहे. १८३४ साली जॉन स्कॉट रसेल या स्कॉटिश इंजिनियराने एडिंबरोजवळच्या कालव्यात एक नाव एकाएकी थांबल्यावर तिच्या पुढची लाट एकटीच निघून जाताना पाहिली, आणि घोड्यावर बसून त्याने तिचा पाठलाग केला. विल्यम फ्रूड याने १८७२ च्या सुमारास टॉर्कीला लांब हौद बांधून जहाजांच्या लहान प्रतिकृती त्यात ओढून पाहिल्या. लॉर्ड केल्विनने १८८७ साली गणित मांडून दाखविले, की खोल पाण्यात नावेमागचा लाटांचा पंखा दोन्ही बाजूंस साडेएकोणीस अंशांच्या आतच पसरतो.

यातला आपल्या कामाचा नियम एवढाच, की नावेमागून येणाऱ्या लाटेची लांबी नावेच्या वेगावर ठरते. ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेग असेल, तर लाट एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंत सुमारे १६ मीटर होते. या खेळाची नाव असते सात मीटरच्या आसपास. म्हणजे ती आपल्याच लाटेच्या निम्म्याहून लहान. साहजिकच तिची नाळ वर उचलली जाते आणि मागचा भाग खळग्यात बसतो. हाच तो खेळाचा वेग, ताशी १६ ते १९ किलोमीटर. लांबी वेगाने ठरली. उंची मात्र मुख्यतः वजनाने वाढते. नाव जितकी जड, तितके जास्त पाणी ती सारणार. म्हणून पिशव्या.

या वजनाला आपले जुने खलाशी नीरम म्हणत. इंग्रजीतला बॅलास्ट. शिडाची गलबते रिकामी परतताना उलटू नयेत म्हणून तळाशी धोंडे भरीत. हल्ली पाणी भरतात, कारण ते पंपाने आत घेता येते आणि पंपानेच बाहेर टाकता येते. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. या हौशी नावांतून दीड-दोन हजार किलो पाणी सहज भरले जाते.

पण वजन किती, यापेक्षा वजन कोठे, हा प्रश्न मोठा आहे. वजन मागे ठेवले की लाट उंच आणि उभी होते, पण आखूड. खेळाडूला उभे राहायला जागा उरत नाही. त्यातले थोडे नाळेकडे नेले की लाट लांबते आणि उतार सरळ होतो. फार पुढे नेले तर ती सपाट होते. पूर्वी ज्या बाजूला खेळायचे त्या बाजूच्या मागच्या कोपऱ्यात बरेचसे वजन रचून नाव मुद्दाम कलती करीत. डावा पाय पुढे ठेवणाऱ्यासाठी डावीकडे, उजवा पाय पुढे ठेवणाऱ्यासाठी उजवीकडे; म्हणजे खेळाडूचे तोंड लाटेकडे राहते. खेळाडू बदलला की पाणी उपसा, दुसरीकडे भरा, यात अर्धा तास जाई.

सुमारे २०१३ पासून यावर एक तोड निघाली. नावेमागे दोन्ही बाजूंचे पाणी एकाच वेळी मिटते, एकमेकांवर आदळते आणि त्याचा फेस होतो. मागच्या एका कोपऱ्यावर लहानसे फाटक बाहेर काढले, तर त्या बाजूचे पाणी थोडे उशिरा पोचते, आणि समोरच्या बाजूची लाट न मोडता स्वच्छ उभी राहते. डावीकडे लाट हवी तर उजवे फाटक उघडायचे. नाव कलती करण्याची गरज उरली नाही. दोन्ही बाजूंस समान वजन भरून ती सरळ ठेवता येते. मालिबू कंपनीच्या अशा योजनेला सर्फ गेट हे नाव आहे, नॉटिक आणि मास्टरक्राफ्ट यांच्या आपापल्या योजना आहेत; आणि मालकीहक्कावरून या कंपन्यांत कज्जेही झाले. गिरणीमालक एकमेकांशी कसे भांडतात हे मी पाहिले असल्यामुळे मला त्याचे नवल वाटले नाही.

आता नाव लावायची रीत. आरंभी टाक्या पूर्ण भराव्या, माणसे दोन्हीकडे सारखी बसवावी, खोल पाण्यात सरळ रेषेत नाव चालवावी आणि लाट पाहावी. मग एका वेळी एकच गोष्ट बदलावी. लाटेच्या माथ्यावर फेस फुटत असेल तर वेग थोडा वाढवावा. लाट आखूड असेल तर वजन थोडे पुढे सरकवावे. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने काय झाले हे कळत नाही. हा नियम वाटाघाटींतही खरा आहे.

शिवाय ही नाव अशी हवी, की तिचा पंखा तळाखाली, मागच्या कडेपासून पुष्कळ आत असेल. पंखा मागे बाहेर निघालेला असलेल्या नावेमागे हा खेळ कधीही खेळू नये. पडणारा माणूस थेट पात्यांवर जाईल. इंजिनचा धूरही मागेच साचतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. कारखान्यात त्याने माणसे गेलेली आम्ही जाणतो. तेव्हा नावेच्या मागच्या फळीला चिकटून बसणे नको.

येथवर त्या मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे माझ्या स्वतःच्या आयुष्यातून आले आहे.

मी विशीत होतो. बंदरात एका बार्जवर आम्ही लोखंडी सळ्यांच्या मोळ्या उतरवून घेत होतो. बार्जच्या तळातली नीरमाची टाकी निम्मीच भरलेली होती. पंप बिघडला होता आणि मालकाला थांबायला वेळ नव्हता. एक मोळी जरा कडेला टेकली, बार्ज थोडी कलली, आणि मग ती थांबेचना. मोळ्या घसरल्या. माझ्या शेजारच्या सोबत्याचा पाय त्यांखाली चिरडला. चौकशीत मालकाच्या बाजूने सांगण्यात आले, की पाच मजूर एकाच कडेला उभे राहिले म्हणून बार्ज कलली. दोष मजुरांचा!

मला इंग्रजी धड वाचता येत नव्हते. मी वाचनालयात शब्दकोश उघडून जहाजबांधणीचे एक पुस्तक अक्षर अक्षर लावीत बसलो. त्यात सापडले. भरलेली टाकी स्थिर असते, रिकामी टाकीही निरुपद्रवी असते; निम्मी भरलेली टाकी घातक. कारण नाव जरा कलली की आतले सारे पाणी खालच्या बाजूला धावते आणि तिला आणखी कलवते. पाच माणसांचे वजन साडेतीनशे किलो. टाकीतले पाणी कित्येक टन. मी चौकशीत एवढेच विचारले, की साहेब, बार्ज कोणी कलवली, साडेतीनशे किलोंनी की त्या टनांनी? माझ्या सोबत्याला नुकसानभरपाई मिळाली. पाय मिळाला नाही. पण दोष मजुरांचा हे वाक्य कागदावरून गेले, आणि त्या दिवसापासून मी संघटनेचा झालो.

म्हणून त्या मुलाला मी पहिली गोष्ट सांगितली: टाकी एक तर पूर्ण भर, नाही तर पूर्ण रिकामी कर. दुसरी: पाणी हे वजनच आहे. नावेवर दहा माणसांची परवानगी असेल आणि तू टनभर जादा पिशव्या भरल्यास, तर ती परवानगी उरली नाही. अमेरिकेत १९७२ पासून वीस फुटांखालच्या बहुतेक मोटारनावांवर वजनाच्या मर्यादेची पाटी कायद्याने लागते. पण या खेळाच्या पुष्कळशा नावा वीस फुटांहून लांब आहेत. तेथे शहाणपण आपले आपणच वापरायचे.

आपल्याला तर हे सांगायला नको. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. लाटेच्या तडाख्याने बोट कलली आणि घाबरलेले उतारू एका बाजूला धावले, असे माझे वडील सांगत. इंग्लंडात सॅम्युअल प्लिम्सॉलने पार्लमेंटात झगडून १८७६ साली जहाजाच्या कुशीवर भाररेषा मारण्याचा कायदा करवून घेतला. आरंभी ती रेषा कोठे मारायची हे मालकानेच ठरवायचे होते! ती जागा कायद्याने ठरायला आणखी कितीतरी वर्षे गेली. वजन भरणारा आणि वजन मोजणारा एकच असला म्हणजे असे होते.

आता शेवटचा मुद्दा. खेळाडू लाटेवरून उतरला म्हणजे लाट संपत नाही. ती काठाकडे जाते. लाटेची उंची दुप्पट झाली तर तिच्यातली शक्ती चौपट होते, हे गणित काठालाही लागू आहे. माती ढासळते, लहान होड्या धक्क्यावर आपटतात. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने तळ्यावर प्रत्यक्ष मोजमाप करून २०२२ साली अहवाल दिला. साध्या नावेची लाट २०० फुटांवर जितकी उरते, तितकी खाली यायला या जड नावेच्या लाटेला ५०० फुटांहून अधिक अंतर लागते. पंख्याचा झोत तळाचा गाळ उसकटतो तो वेगळाच. व्हरमाँट राज्याने २०२४ साली नियम केला: हा खेळ काठापासून निदान ५०० फूट दूर, निदान २० फूट खोल पाण्यात, आणि असे सलग ५० एकर पाणी असेल तेथेच.

टाकीतल्या पाण्याचेही तसेच. झेब्रा मसल नावाचा एक लहान शिंपला मोठ्या जहाजांच्या नीरमाच्या पाण्यातून अमेरिकेच्या महासरोवरांत शिरला. १९८८ मध्ये तो तेथे सापडला, आणि मग नळ व पंप बुजवीत तळ्यातळ्यांत पसरला. जहाजांच्या नीरमाविषयी २००४ चा आंतरराष्ट्रीय करार २०१७ साली अमलात आला. पण हौशी नावेच्या पिशवीत उरलेले तांब्याभर पाणीही या तळ्यातले जीव त्या तळ्यात नेऊ शकते. ते काढून, टाकी वाळवून मगच नाव हलवायची.

मौज करू नये, असे मी म्हणत नाही. आठवडाभर राबलेल्या माणसाला रविवारची मौज हवी, यासाठीच तर आम्ही साप्ताहिक सुट्टीचा आग्रह धरला. माझे म्हणणे इतकेच, की लाटेचा हिशेब करताना खेळाडूचा आनंद एका बाजूला लिहिला, तर काठावरच्या माणसाची माती दुसऱ्या बाजूला लिहिली पाहिजे. जो वजन भरतो त्याने ते मोजले पाहिजे, आणि मोजलेले दुसऱ्याला पाहू दिले पाहिजे.

त्या मुलाचा गेल्या महिन्यात फोन आला होता. म्हणाला, "काका, आता आम्ही तळ्याच्या मधोमध जातो. तिथे पाणी खोल, म्हणून लाटही अधिक चांगली येते." मी म्हटले, "बरे झाले. आणि टाकी?" तो हसला. म्हणाला, "पूर्ण भरतो, पूर्ण रिकामी करतो."