पाण्याची चावी कोणाच्या हाती?

(पाणीपुरवठा कामगार व नागरिक यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



धरणाचे भूमिपूजन होते, ते भरले की जलपूजन होते, भिंतीवर कोनशिला बसते. परंतु त्या धरणातले पाणी घागरीपर्यंत आणणाऱ्या जमिनीखालच्या नळाचे पूजन कोणी केल्याचे ऐकिवात नाही. जे डोळ्यांना दिसत नाही, त्याची देखभाल अंदाजपत्रकातही मागे पडते. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे की, पाण्याच्या बाबतीतली समता गल्लीतल्या चावीवर ठरते आणि म्हणून त्या चावीचा कारभार हा लोकशाहीचा प्रश्न आहे.

मुंबई शहराचेच उदाहरण घ्या. १८६० साली विहार, १८९२ साली तानसा, अगदी अलीकडे २०१४ साली मध्य वैतरणा. शहराची तहान वाढली की अधिकाधिक दूरचे पाणी अडवायचे, हीच या शहराची रीत राहिली आहे. ज्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणे आहेत, तिथल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. इतक्या मोलाने आणलेले पाणी शहरातल्या सेवा जलाशयांत साठते आणि पुढे विभागवार, ठरावीक तासांपुरते सोडले जाते. ते सोडणारा माणूस म्हणजे चावीवाला. कोणती चावी आधी उघडायची, तिला किती आटे द्यायचे, चढावरच्या वस्तीला पाणी पोहोचायला किती वेळ लागतो, याचे ज्ञान पुष्कळदा नकाशात नसते. ते त्याच्या हातात असते. तो निवृत्त झाला आणि त्याची जागा रिकामी ठेवली, की ते ज्ञानही शहर गमावून बसते.

तासांच्या पुरवठ्याची दोन फळे आपण नीट समजून घेतली पाहिजेत. पहिले आरोग्याचे. नळ भरलेला आणि दाबाखाली असतो तोवर भेगेतून पाणी बाहेर जाते. पुरवठा बंद होऊन दाब उतरला की त्याच भेगेतून शेजारच्या गटाराचे पाणी आत शिरते. शुद्धीकरण केंद्रात कितीही काळजी घेतली, तरी ती मग वाटेतच वाया जाते. टोकाच्या नळाला दर लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे, हा नियम याचसाठी आहे.

दुसरे फळ विषमतेचे. पाणी थोडा वेळच येणार हे ठाऊक असले, की ज्याला परवडते तो थेट नळालाच मोटार लावतो आणि टोकावरच्या घराचे पाणी ओढून घेतो. त्यात भर कागदावरच्या विषमतेची! मुंबईत वर्षानुवर्षे इमारतीतल्या माणसाला दिवसाकाठी १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसाला ४५ लिटर, असा हिशेब धरला गेला. तहान काय घराच्या भिंती पाहून लागते?

यावर काही विद्वान एक उपाय सुचवतात. पालिका अकार्यक्षम आहे, तेव्हा वाटप खाजगी कंपनीच्या हवाली करा. अकार्यक्षमतेचा आरोप आपण झटकून टाकू नये. गळती खरी आहे, मोडकी मीटरे खरी आहेत. पण उपाय तोच एक आहे काय? कराडलगतच्या मलकापूरने २००९ साली चोवीस तास पाणी सुरू केले. नगरपंचायत सार्वजनिक, योजना आखणारे जीवन प्राधिकरणही सार्वजनिक. घरोघर मीटर बसवले आणि दर चढत्या श्रेणीने ठरवले: गरजेपुरते वापरणाऱ्याला स्वस्त, उधळणाऱ्याला महाग. रोज हमखास पाणी येते म्हटल्यावर भांडीकुंडी भरून ठेवण्याची आणि दुसऱ्या दिवशी शिळे म्हणून ओतून देण्याची गरज उरत नाही. नळ सतत भरलेला राहिला, की मध्यरात्री, सारे गाव झोपलेले असताना, विभागात किती पाणी वाहते ते मोजून गळतीचा अंदाजही घेता येतो. मोठ्या शहरात हे काम अवघड आहे यात शंका नाही. पण ते विभागाविभागाने करता येते.

कायद्याने हक्क मिळाला म्हणजे पाणी मिळाले, असे मात्र कोणी समजू नये. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला; महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो अनुयायांसह २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. घर अनधिकृत आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. 'सर्वांसाठी पाणी' हे महापालिकेचे धोरण यायला २०२२ साल उजाडले. ठराव आणि ओंजळ यांच्यामधले हे अंतर संघटित लोकच कापू शकतात.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. प्रत्येक विभागात चावी उघडण्याच्या व बंद करण्याच्या वेळा फलकावर लागल्या पाहिजेत. टोकाच्या नळावरचा दाब आणि क्लोरीन यांची नोंद दर आठवड्याला जाहीर झाली पाहिजे. चावीवाल्यांच्या आणि गळती शोधणाऱ्यांच्या रिकाम्या जागा कायम कामगारांनी भरल्या पाहिजेत आणि त्यांचे ज्ञान नकाशावर उतरले पाहिजे. माणशी पाण्याचा निकष सर्वांना एकच हवा.

कामगार मित्रांनाही एक गोष्ट सांगतो. सार्वजनिक सेवेचे रक्षण नुसत्या घोषणांनी होत नाही. चिरीमिरी घेऊन एखाद्या इमारतीसाठी चावीला दोन आटे अधिक दिले जातात, तेव्हा खाजगीकरणाची पहिली सही तिथेच होते. उलट, वस्तीतल्या बाया आणि चावीवाला एकत्र बसून वेळापत्रक ठरवू लागले, तर पालिका विकायला काढण्याची हिंमत कोणी करणार नाही. चावी कामगाराच्या हाती राहो. तिचा हिशेब मात्र शेवटच्या नळाशी घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईला द्यावा लागेल.