जोत्याच्या पुढचं घर



नव्या घरात राहायला गेलो की आपण काय करतो? बाल्कनीला ग्रिल लावतो, गच्चीवर पत्रे टाकतो. नकाशा काढणारा आर्किटेक्ट मग तिथून जाताना मान फिरवतो. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींचं तसं नव्हतं. उतारवयात ते अशाच बदललेल्या घरांबद्दल कौतुकानं बोलत.

दोशी मूळचे पुण्याचे, जन्म 1927चा. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकले आणि 1951 साली पॅरिसला, नामवंत आर्किटेक्ट ल कॉर्बुझिएकडे पोचले. पहिले आठ महिने बिनपगारी! गुरू असा, की त्याच्या काँक्रीटमध्ये एक रेघही इकडची तिकडे करायची कुणाची छाती होणार नाही. म्हणूनच शिष्याचं पुढचं वागणं मला नवलाचं वाटतं.

अहमदाबादचं बिमानगर घ्या. आयुर्विमा महामंडळासाठी दोशींनी 1973च्या सुमारास ते उभारलं. एकावर एक तीन घरं: सगळ्यांत मोठं तळाला, सगळ्यांत लहान वर. वरचं घर थोडं मागे सरकलेलं, त्यामुळे प्रत्येकाला पुढे गच्ची. वर्षं गेली, पोरांची लग्नं झाली, गच्च्यांच्या खोल्या झाल्या. कुणी रंग बदलला, कुणी खिडक्या. आज मूळ इमारत शोधावी लागते. दोशींच्या लेखी मात्र इमारत बिघडली नव्हती, राहती झाली होती. अर्थात, एकानं गच्ची बंद केली की शेजाऱ्याचा वारा अडतो, हेही खरंच.

इंदूरच्या अरण्य वसाहतीत तर त्यांनी घर अर्धवट ठेवणं हीच योजना केली. गरीब कुटुंबाला जोतं, संडास-न्हाणी, नळ आणि फार तर एक खोली द्यायची. पुढचं ज्याचं त्यानं, हातात पैसा येईल तसं बांधायचं. हे कसं वाढू शकेल ते दिसावं म्हणून 80 घरं नमुन्यादाखल बांधली. आर्किटेक्टनं स्वतःहून पेन्सिल खाली ठेवायची, याला धाडस लागतं.

2018 साली, नव्वदीत, त्यांना वास्तुकलेतला प्रिट्झकर पुरस्कार मिळाला. तो मिळवणारे ते पहिले भारतीय. 2023च्या जानेवारीत ते गेले.

घर वाढतं, हे त्यांनी पॅरिसच्या आधी पुण्यातच पाहिलं होतं. आजोबांच्या एकत्र कुटुंबात माणसं वाढली की खोली वाढे, मग मजला चढे.